कॉमेंटमधली माझी ओळ

मी मोबाईलवर लिहिते हे घरात फक्त मुलीला ठाऊक आहे. माझी शाळा चौथीत सुटली. वही घेऊन बसायची लाज वाटते. मोबाईल हातात असला की लोकांना वाटतं, रेसिपी बघतेय.

मध्यंतरी मी ज्यात लिहिते त्या ॲपमध्ये अक्षरांची डोकी कापली जायला लागली. रफार दिसेना, वेलांटी अर्धीच. मुलीला एक ओळ उघडून दाखवली. ती मालाडला एका ऑफिसात कोड लिहिते. म्हणाली, "आई, हे ॲप सगळ्यांचं आहे. याचा कोड कुणीही उघडून बघतं, दुरुस्ती पाठवतं. मी करते."

रविवारी दुपारी भांडुपच्या आमच्या खोलीत ती लॅपटॉप घेऊन बसली. मी बाजूला मेथी निवडत होते. दुरुस्ती झाल्यावर म्हणाली, "ऐक हां, कॉमेंट काय टाकलीय."

कॉमेंट म्हणजे कोडच्या मधे माणसांसाठी लिहिलेली ओळ. यंत्र ती सोडून देतं. तिच्या ऑफिसात रीत अशी, की बदल सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे नाव, तारीख, तक्रार कुणाची, सगळं लिहायचं. तिने तसंच केलं होतं. आधी तिचं नाव. मग, तक्रार: आई, भांडुप. आणि खाली नमुना म्हणून माझी ओळ, जशीच्या तशी. 'गर्दीत माझा आवाज बसतो, म्हणून घरी येऊन इथे बोलते.'

माझे हात थांबले. "हे कोण वाचणार गं?"

"जगात कुणीही! झकास ना?"

ती इतकी खूश होती की नको म्हणायला तोंड उघडेना. "पाठवलंस?"

"थांब ना. ॲपवाल्यांचे नियम वाचते, नाहीतर दुरुस्ती परत येईल."

ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "वाट लागली. असल्या खुणा चालत नाहीत म्हणे. कुणी, कधी बदललं ही नोंद आपोआप राहते, कोडमध्ये लिहू नका. कॉमेंटमध्ये फक्त का बदललं ते लिहा. माझ्या सगळ्या ओळी बाद."

"सगळ्या?"

"तुझी पण. सॉरी आई."

"असू दे, असू दे," मी इतक्या घाईने म्हणाले की तिने मान वर केली.

"तुला नकोच होती?"

मी होकाराची मान हलवली.

"मग बोलायचं ना, वेडाबाई!"

तिने सगळं पुसलं. नवी कॉमेंट लिहिली: रफार आणि वेलांटी एकत्र आली की वरचा भाग कापला जातो, म्हणून ओळीची उंची वाढवली. नमुन्याला एकच शब्द ठेवला, गर्दी. "हा चालेल?" तिने विचारलं. चालेल म्हटलं, तेव्हाच पाठवलं. मी उरलेली मेथी निवडायला घेतली. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि नियम लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसांना चहा पाजावासा वाटत होता.

दुरुस्ती त्यांनी घेतली. अक्षरं आता पुरी दिसतात. काही अडलं तर मी अजून मुलीकडेच मोबाईल देते, पण देताना म्हणते, "हे तुझ्यापुरतंच हां." एवढं मला बोलता येतं.