पातेल्याचं भाडं, विमानाचं भाडं

वेल्ह्याहून पुण्याला निघालेल्या एसटीत विंझरला एक बाई चढल्या आणि त्यांनी भलंमोठं पितळी पातेलं न विचारता माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा वाईच. लग्नाकार्याला भाड्यानं देती मी."

मी फोनवर ऑफिसातल्या एका पेचाबद्दल बोलत होतो. आमची कंपनी विमानं विकत घेऊन विमान कंपन्यांना भाड्यानं देते. पैसा मुस्लिम गुंतवणूकदारांचा; इस्लाममध्ये व्याज चालत नाही, म्हणून कर्जाऐवजी हे भाडं. पण विमान बिघडून बसलं तर भाडं थांबवायचं, हे आमच्या नव्या साहेबांना पटत नव्हतं. दुपारी बैठक होती.

बाईंनी सगळं ऐकलं. पदरानं पातेल्याची कड पुसत म्हणाल्या, "मंग इमानाला भोक पडलं तर बुजवायचं कुणी?"

"मालकानं."

"आन् तवर भाडं?"

"बंद."

"मंग अडलंय कुठं? फुटक्या पातेल्याचं भाडं मागाया मला लाज न्हाई वाटायची?"

दुपारी पातेल्याच्या जागी विमान घालून मी तेच वाक्य बोललो. साहेब म्हणाले, "पटलं. कुठल्या तज्ज्ञांना विचारलंत?"

"भाड्याच्या धंद्यात मुरलेल्या एक बाई आहेत," मी म्हणालो.

साहेबांनी लगेच त्यांचा ईमेल मागितला. मी तर नावही विचारलं नव्हतं.