शेवटच्या ओळीतलं नाव

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं की विषय बदलायचो. आता म्हातारा झालो. टाळून जाणार कुठं?

मुडबीच्या वाटेवरचं आमचं गाव. जत्रेचा मंडप. खालच्या वस्तीतले आम्ही दोघं, मी आणि थोरली बहीण तुळसाअक्का. डफ तिच्या हाती, तुणतुणं माझ्या. गाणी तिचीच. अक्षर येत नव्हतं; भाकरी थापता थापता बांधायची. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घ्यायचा रिवाज. तिनं घेतलं, ‘तुळसा शाहीर सांगे.’

पुढं बसलेले पाटील उठले.

“ए, थांब! बाईला शाहीर म्हणतेत व्हय? ते बी खालच्या वस्तीतलीला? नाची म्हण, नाची!”

मंडप हसला. बायकाही हसल्या.

अक्का म्हणाली, “अप्पा, सोता बांधतो अन् चार माणसांत उभं राहून म्हणतो, त्यो शाहीर. मी दोन्ही करते.”

पाटलांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोट माझ्याकडं.

“तू म्हण. तुझं नाव घाल. शाहीर तू. हिला माघं बसव.”

तिच्या हातातला डफ मीच काढून घेतला. तिच्या ओळीत माझं नाव घालून गायलो. पाटलांनी मला फेटा बांधला. अक्का मागं बसून माझं तुणतुणं वाजवत राहिली. सूर एकदाही हलला नाही. त्यानंतर ती कधी गायली नाही.

त्या फेट्यावर मी जन्म काढला. भालकी, उदगीर, लातूर. सगळीकडं शाहीर.

यंदा पाटलांच्या नातवानं आजोबांच्या नावानं मंच बांधला. उद्घाटनाला मला बोलावलं. “शाहीर, तुमाला आजोबांनीच शाहीर केलं. तेवढं सांगा.”

सांगितलं. अख्ख्या गावासमोर, त्यांच्याच माईकवर, आजोबांचं वाक्य ‘नाची’सकट सांगितलं. मग गाणं. शेवटी, ‘तुळसा शाहीर सांगे.’ नातवानं माईकची वायर उपटली. मी तशीच ओळ ओढली. मंडपाच्या कडेला उभ्या आमच्या वस्तीतल्या बायकांनी ती उचलली.

जिवंत आहे तोवर दर जत्रेत हेच करणार. पाटलांचं नाव निघालं की त्यांचं वाक्यही निघेल. मला शाहीर म्हणणाऱ्याला तिथंच अडवणार.

अक्का आता नाही. नौबादला लेकीकडं होती, तेव्हा एकदा माफी मागायला गेलो होतो. दार तिनंच उघडलं.

“कामून आलास रं?”

“सहज,” म्हणालो.