आई म्हणाली, आता येऊ नकोस

आज दुपारी माझ्या दोन्ही मार्गदर्शकांनी मला बोलावलं. मी इथे परदेशात पाणी शुद्धीकरणावर पीएचडी करते. उदगीरजवळच्या माझ्या गावात दुष्काळ आहे, हे त्यांना बातम्यांतून कळलं होतं. "घरी जाऊन ये, तुझ्या चाचण्या आम्ही सांभाळू," असं म्हणाले. तिकिटाचंही तेच बघणार होते.

मी लगेच आईला फोन लावला.

"आता नको येऊस बाई. तू फॉरेनहून आलीस म्हणल्यावर अख्खं गाव भेटायला येतंय. आल्या माणसाला पाणी तरी द्यावं लागतंय का न्हाई? टँकरचा काय भरवसा न्हाई."

मागून बाबा ओरडले, "उदगीर जिल्हा झाल्यावर ये म्हणावं! तवा नळाला पाणी येतंय म्हणं!"

उदगीर जिल्हा होणार, हे मी लहानपणापासून ऐकतेय. आम्ही तिघंही हसलो.

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, काम नंतर विचारतात. त्यामुळे आईचं म्हणणं मला पटलं. पण पटण्याआधीच मला हायसं वाटलं होतं. माझ्या चाचण्या ऐन रंगात आल्या आहेत आणि मला जायचंच नव्हतं.

मार्गदर्शकांना मी एवढंच सांगितलं, "आई नको म्हणते." दोघांतल्या बाई हळूच म्हणाल्या, "किती वाईट वाटत असेल तुला." मी हो म्हणून मान हलवली.

मग प्रयोगशाळेत आले आणि नेहमीप्रमाणे नळ मोठा सोडून काचेची भांडी धुतली.

घरून "येऊ नकोस" ऐकून तुमच्यापैकी कुणाला बरं वाटलंय का? आणि ते तुम्ही आईला सांगितलंत का?