फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी

आमच्या गुजरातेतल्या, गोडादऱ्याच्या घरात कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड एकट्या मला माहीत आहे, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. का ऐकवते? कारण त्या पेटीत माझं सगळं काम आहे. साडीवर मशीनने एम्ब्रॉयडरी होते ना, तिची डिझाइनं मी घरी बसून करते. सुई कुठे जाईल, धागा कुठे तुटेल, एकेक टाका कॉम्प्युटरवर बसवायचा. इकडे त्याला पंचिंग म्हणतात. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून, चुकत चुकत शिकले. मग हिंमत वाढली तसा पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक पानभर प्रोग्रामही जुळवला. डिझाइनची फाइल त्यात घातली की कारखान्यातल्या मशीनला हवी तशी होऊन बाहेर येते. तो चालायला लागला त्या दिवसापासून मी त्याला हात लावलेला नाही. चालत्याला कशाला डिवचायचं?

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अमळनेरहून आमच्याकडे राहायला आली. इथेच वराछ्यात कुठल्याशा ऑफिसात तिला प्रोग्रामिंगची नोकरी लागली होती. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, बाहेर खोली घेऊन मी तिला राहू देणार नाही. तुझ्याकडे राहील तरच नोकरी, नाहीतर परत बोलावते." म्हटलं, पाठव.

तिला खाट दिली, कपाटातला एक कप्पा दिला, आणि घरी अभ्यास करायचा म्हणाली म्हणून कॉम्प्युटरमध्ये वेगळं खातंही उघडून दिलं. एवढंच बजावलं, "नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागतो बरं का. ये, विचार, मी टाकून देईन."

"हो मावशी."

महिने गेले, पोरगी एकदाही विचारायला आली नाही. मी शेजारणीला सांगायची, गुणाची आहे हो.

मग एके दिवशी बघते तर डिस्कची पट्टी लालबुंद. जागाच उरली नाही. आता मी काही भरलं नव्हतं, आणि पासवर्ड कुणी मागितला नव्हता. दार उघडलं नाही, पिशवी आत आली नाही, आणि फडताळ मात्र गच्च! त्याच आठवड्यात मार्केटमधल्या व्यापाऱ्याचा फोन आला. "बेन, तमारी डिझाइन तो बजारमां आवी गई." म्हणजे माझी नवी मोराची बुट्टी दुसऱ्याच कुणाच्या साडीवर विकायला बसलेली, आणि आमचा माल अजून मशीनवर. बोलला गोडच, पण पुढचं काम लगेच दिलं नाही.

माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या. पोरगी गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलते, तेही गुजरातीत. का? अमळनेरच्या पोरीला गुजरातीत कुणाशी एवढं बोलायचं असतं?

ती ऑफिसला गेल्यावर मी तिचा फोल्डर उघडला. कॉम्प्युटर म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही, पुढे जायचं का? मुख्य खातं माझं. गेले पुढे. लपवलेल्या वस्तू दाखव म्हटलं, आणि काय ते दर्शन! आख्खं दुसरं पायथॉन, आणि त्याला जोडून घेतलेली, कधी न ऐकलेल्या नावांची पॅकेजंच पॅकेजं. सगळं तिच्या एकटीच्या फोल्डरात.

आमच्या घरात खारी बिस्किटाचा पुडासुद्धा कुणी आपल्या कप्प्यात ठेवत नाही. आणलं की डब्यात, सगळ्यांसाठी. एकट्यापुरतं आणून आत सारतो तो काहीतरी लपवतो, असंच मी आयुष्यभर बघितलंय. मी बहिणीला मेसेज टाकला, उद्या सकाळी फोन कर, पोरीबद्दल बोलायचंय.

संध्याकाळी ती भेंडी चिरत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

"ते दुसरं पायथॉन कशाला आणून ठेवलंस?"

तिने सुरी थांबवली. "ऑफिसच्या कामाला नवीन लागतं, मावशी."

"घरात आहे की. मी टाकलेलं, सगळ्यांसाठी."

"तुझं जुनं आहे गं."

"मीपण जुनीच आहे."

आमचे हे खाटेवरून हसले. मी तिकडे बघितलं नाही.

"पासवर्ड कुठून मिळाला?"

"लागतच नाही. टाकताना विचारतं, फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी. फक्त माझ्यासाठी म्हटलं की आपसूक माझ्याच फोल्डरात, लपलेल्या जागी बसतं, कुणाला विचारत नाही. सगळ्यांसाठी म्हटलं तर पासवर्ड."

ऐकून मी गारच झाले. म्हणजे इतके महिने मी पुढच्या दाराला कुलूप लावून किल्ली मिरवत होते, आणि मागचं दार सताड उघडं!

"मग सगळ्यांसाठी का नाही टाकलंस?"

"तुझा प्रोग्राम बंद पडेल म्हणून."

इतकं गोड उत्तर आलं की माझा संशय वाढतो. "आणि माझी मोराची बुट्टी बाजारात कशी गेली?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, तुला वाटतं मी…"

"माले काही वाटत नाही. ते लपवलेलं काढ, आणि माझ्यासमोर सगळ्यांसाठी टाक."

हे म्हणाले, "अवो फौजदारबाई, पोरीला जेवू तरी द्या."

जेवण झाल्यावर बसलोच. पासवर्डाची वेळ आली तेव्हा मी तिला म्हटलं, तोंड फिरव. ती भिंतीकडे वळली. पुढे चौकटी आल्या, मी दिसेल त्या चौकटीवर खूण करत गेले. एक होती, पायथॉन म्हणून हाक मारली की हाच आधी धावून येईल, अशा अर्थाची.

"ती नको, मावशी."

नको म्हणाली ना? मग तर केलीच.

सकाळी कारखान्याचा माणूस फाइलसाठी फोनवर फोन करत होता. उशीर झाला असता तर ते कामही दुसरीकडे गेलं असतं. मी प्रोग्राम चालवला आणि लाल अक्षरं! टाके वाचणारं पॅकेज सापडत नाही म्हणे. मग उमजलं. मी हाक मारली, नवा धावून आला, आणि त्या नव्याला टाक्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळणारा जुना मागे उभा, त्याला कुणी बोलावलंच नाही. पोरीने सांगितलं होतं अगदी तेच झालं.

ती खांद्याला पर्स लावून निघाली होती. माझं तोंड बघून परत आली.

"पासवर्ड टाक," म्हणाली, आणि न सांगता भिंतीकडे वळली.

ते बघून मला कसंतरीच झालं. तिने नवा काढून टाकला, माझा प्रोग्राम होता तसा चालला, फाइल गेली. तेवढ्यात फोन वाजला. बहीण.

"काय गं ताई? काय बोलायचंय? काय केलं तिने?"

पोरगी दारात उभी, एक चप्पल पायात, एक हातात. काय चाललंय ते तिला कळलं होतं. मी एक शब्द वाकडा बोलले असते तर तिची नोकरी संध्याकाळच्या गाडीने अमळनेरला गेली असती.

"काही नाही गं," मी म्हटलं, "पोरगी भेंडीत गूळ घालायला लागलीय, इकडच्यासारखा. तू तिला हे शिकवलंस का, एवढंच विचारायचं होतं."

तिने दुसरी चप्पल घातली आणि गेली. गॅलरीतले फोन ऑफिसातल्या टीमचे, असं तिने मागाहून सांगितलं. असतील. बुट्टी कशी फुटली ते अजून कळलेलं नाही. नमुन्याची साडी दुकानात बाहुलीला नेसवून ठेवतात, येणारा-जाणारा फोटो काढू शकतो. नमुना नेणारा टेम्पोवालाही माझ्या मनातून उतरलाय.

पासवर्ड मात्र मी त्याच दुपारी बदलला.

आता पोरगी काही टाकताना आतून ओरडून सांगते, "मावशी, फक्त माझ्यासाठी टाकतेय हं!" मी स्वयंपाकघरातून म्हणते, टाक गं बाई, मला काय विचारतेस. आणि ती ऑफिसला गेली की एकदा आत जाऊन बघून येते. जागा किती खाल्ली, एवढंच.