सरहद्दीपलीकडचं माप

मंठ्याच्या बाजारगल्लीत आईचे ब्लाउज शिवणारा एक म्हातारा टेलर आहे. कापड बेतताना तो दर वेळी एकच गोष्ट सांगतो, राजस्थानातल्या मुनाबावहून पाकिस्तानात जाणाऱ्या रेल्वेची. "पासष्टच्या लढाईत बंद पडली. चाळीस वर्सांनी चालू झाली तवा मी एकदा आपाला भेटून आल्तो. आता पुन्हा बंद."

आपा म्हणजे त्याची मोठी बहीण, लग्न होऊन कराचीला गेलेली. दर ईदला तो तिच्यासाठी कुर्ता-सलवार शिवतो आणि दुकानातच टांगून ठेवतो.

"विकून टाका ना चाचा," मी एकदा म्हणालो.

त्याची कैची थांबली. "एकदा चालू झाल्ती ना? मंग."

यंदा त्यानं त्यातलाच एक जोड आईपुढे धरला. "ताई, आपाचं माप बराबर तुमच्यावानी हाय. जरा घालून दाखवा. खांद्यात बसतो का बघतो."

जन्मभर साडी नेसलेली आई लाजत पडद्यामागून बाहेर आली. तो गळ्यातल्या टेपला हातही न लावता बघत राहिला.

"बसला," तो म्हणाला.

आई कपडे बदलायला वळली.

"जल्दी न्हाई, ताई. थोडं थांबा."