भिजलं तरी तापणारं कापड

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत आम्ही विजेवर तापणारं कापड बनवत होतो. कापडावर कार्बनचा काळा थर, म्हणजे त्यातून वीज खेळते. वर पाणी न धरणारा दुसरा थर. एक जमला की दुसरा बिघडायचा. पहिली शिफ्ट उरकून कंपनीच्या बसने निगडीला परतताना डोळे मिटले तरी काळं कापडच दिसायचं.

घरी बाबा. उभी हयात भट्टीपुढे काढलेला माणूस, आणि पक्षाघात झाल्यापासून त्यांच्या अंगातली थंडीच जात नव्हती. हीटरने अख्खी खोली तापायची, बाबांचे पाय मात्र गारच. विजेवरची चादर घालायची सोय नव्हती, कारण अंथरूण ओलं व्हायचं. त्यांच्यासमोर हे कुणी बोलत नसे.

शेवटी एक तुकडा पाण्याखाली धरला तरी तापत राहिला. मी साहेबांना विचारलं.

"न्या," ते म्हणाले. "पण छोट्या बॅटरीवरच चालवा, आणि लक्ष ठेवा."

बाबांची डावी बाजू बधिर. तिथे भाजलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. म्हणून तुकडा आधी बराच वेळ माझ्याच मांडीवर ठेवला, मग त्यांच्या उजव्या पायाखाली सरकवला.

जरा वेळाने ते म्हणाले, "व्हय गं, ऊब येतीया." आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले. मीही खुर्चीत पेंगत बसले.

ते जागे झाले तेव्हा अंथरूण भिजलेलं होतं. मी घाईघाईने बॅटरी काढली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"वाटोळं केलं बघ तुझ्या कापडाचं."

"काही नाही झालं, बाबा."

तुकडा उचलला तर ओल थेंबाथेंबाने घरंगळून गेली. फडक्याने पुसून पुन्हा बॅटरी जोडली. तापला. बाबांनी चांगल्या हाताने चाचपून पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. माझ्यात रडायचंही त्राण नव्हतं. मी चादर बदलली.

पुढे धुऊन धुऊन थराला चिरा गेल्या, अर्धा तुकडा गार राहू लागला. तो मी कंपनीत परत नेला. आता पुन्हा त्याच दोन थरांशी झटापट चालू आहे.

"नवं कवा आणतीस?" घरात पाऊल टाकलं की बाबा विचारतात.

"चाललंय, बाबा," म्हणते आणि चहा टाकते.