मांडवात दिसेल असा लॅपटॉप

पामबीच रोडची निम्मी वाट मागं पडली तरी सगुणाबाई रिक्षाचं नाव काढू देईनात.

"मावशी, वाशी अजून लांब आहे. ऊन चढायला लागलंय," सुचिता म्हणाली.

"तू बस रिक्षात. मी येतंय मागशी." पदर डोक्यावर ओढून त्या चालत राहिल्या. "मना गाडी लागते ठावं हाय ना तुना? त्या दुकानदाराच्या मशिनीवर ओकू काय?"

सुचिता हसली आणि गप पाय उचलू लागली. डाव्या हाताला तिवरांची झाडी, उजवीकडं टॉवरांची रांग, आणि मधून पुढं चाललेली ही काटक बाई. सारसोळ्याच्या सगुणाबाईंना नवी मुंबई पायांनीच ठाऊक होती. करावे, दारावे, शिरवणे, जुहूगाव, जिथं लग्न तिथं त्या चालत जायच्या, कारण त्या धवलारीण. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी आले तरी धवलारणीचं काम तिचंच. देवांना आवतण द्यायचं ते तिच्या गाण्यानं, हळद लागायची तीही तिच्या गाण्यावर. त्या गाण्यांना धवले म्हणतात. सगुणाबाईंना ते सासूनं, बाळाबाईनं दिले. लिहून नाही, मांडवात शेजारी बसवून.

गेल्या माघात मात्र करावे गावच्या एका लग्नात देवांना बोलावता बोलावता सगुणाबाई थांबल्या. पुढचा देव कोण, ते आठवेना. नवरीच्या बापानं चांगुलपणानंच म्हटलं, "राहू द्या आजी, दमला असाल," आणि डीजेवाल्याला खूण केली. घरी येऊन त्या दोन घास जेवल्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन एकाच बाजूचं झालेलं, त्यामुळं कागदावरचं बारीक अक्षर लागत नव्हतं, आणि हळदीच्या रात्रीच्या पिवळ्या उजेडात तर कागद म्हणजे नुसतं फडकं. मुलानं, रूपेशनं, मोबाईलवर गाणं भरून बघितलं होतं. त्यात ढोल ऐकू यायचा, शब्द नाही.

सुचिता जुईनगरला स्टेशनजवळच्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करते. माहेर साताऱ्याकडचं. सगुणाबाई कुणाच्या तरी पत्रिकेबरोबर दुकानात आल्या आणि तिच्या पडद्यावरची मोठी, उजळ अक्षरं बघत तिथंच बसून राहिल्या. "असं मना मांडवात पायजे," म्हणाल्या. "इसरलं की बगायचं न पुढं गायचं." तेव्हापासून लॅपटॉपचा ध्यास.

"घेतल्यावर रोज संध्याकाळी माझ्याकडं या," चालता चालता सुचिता म्हणाली. "तुम्ही गा, मी टाइप करते. महिन्याभरात सगळे धवले आत."

सगुणाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. "बिनलग्नाचा धवला?"

"म्हणजे?"

"गो बाय, धवला म्हंजे देवांना आवतन. बोलावलं न मांडव नाय, हळद नाय, तर ते बसतील कुठं? तुझ्या कपाटावर?"

"मग गाऊ नका. नुसतं सांगा."

"न गाता येत नाय. चाल सोडली की शब्दपन सुटतात."

सुचिताचं तोंड उतरलं. म्हणजे लॅपटॉप घ्यायचा आणि तो रिकामाच ठेवायचा. पण सगुणाबाई पुन्हा चालायला लागल्या होत्या. "शिरवण्याला लगीन हाय माझ्या भाचीच्या मुलीचं. तिथंच लिवून घ्यायचं, गाता गाता. नात प्रिया बसंल बाजूला."

वाशीच्या दुकानात सौरभ नावाचा पोरसवदा विक्रेता पुढं आला. सुचितानं सांगितलं, "मधल्या किमतीतला दाखवा. पडदा चांगला आणि बांधा मजबूत. गेमबिम काही नको."

त्यानं एक उघडला. पडद्यावर निळ्या पाण्यात पिवळे-जांभळे मासे.

"हे आमच्या खाडीत नाय गावत," सगुणाबाई म्हणाल्या. "अक्षरं दाव."

सुचितानं पेनड्राइव्ह दिला. त्यात एक पत्रिका होती, माथ्यावर कुलदैवताचं नाव आणि खाली किलबिल करणाऱ्या पोरांची नावं. अक्षर मोठं केलं. समोरून दिसलं, पण सगुणाबाई बाजूला सरकल्या तशी अक्षरं राखेसारखी फिकी पडली.

"लिवनारी बाजूला बसनार. दोगींना दिसाय पायजे. हा नको."

दुसरा पातळ, चकचकीत. त्यांनी त्यात डोकावून बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "यात माझंच थोबाड दिसतंय. आरसा हाय घरात."

तिसऱ्याच्या कळांमधून लाल-हिरवे दिवे फिरत होते. वजनाला पाटा-वरवंटा.

"हा तर डीजेचा भाऊस."

सौरभ आता हसू दाबत नव्हता. आत जाऊन त्यानं चौथा आणला, करड्या रंगाचा, झाकण धातूचं, पडद्याला चकाकी नाही. सुचितानं एका कोपऱ्याला धरून तो उचलला, वाकला नाही. कळांच्या मधोमध अंगठा दाबला, तिथंही खळगा पडला नाही. सगुणाबाईंनी झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. बिजागरी घट्ट होती.

"खारा वारा लागंल याला. आमच्याकडं खिळा वर्सभर टिकत नाय."

"वापरून झाला की पिशवीत ठेवा, आजी. पूर्ण नाही थांबणार, पण टिकेल."

"हळदीचा हात लागला तर?"

"ओलसर फडक्यानं पुसायचा. आत पाणी नको जायला."

"लाईट गेली तर?"

"कंपनी दहा तास म्हणते. तुम्ही पडदा पूर्ण उजळ ठेवणार, तर पाच धरा." मग न राहवून त्यानं विचारलं, "आजी, हा नक्की कुठं वापरायचाय?"

"मांडवात. चल, भायेर उजेडात दाव."

दुकानाच्या मालकानं मान हलवली तसा सौरभ लॅपटॉप घेऊन फुटपाथवर आला. भर उजेड. त्यानं पडदा उजळ केला. सगुणाबाई हातभर लांब उभ्या राहिल्या, एक डोळा मिटला आणि कुलदैवताचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. मग दुसरा मिटून बघितला. मग त्याखालची ओळ वाचली. किलबिल करणाऱ्या पोरांचीही नावं वाचली. इतक्या खूश झाल्या की हात आपोआप जोडले गेले, मान डोलायला लागली, आणि त्या गायला लागल्या,

"पयलं आवतन गावदेवीला, ये माये मांडवाला..."

आवाज बारीक, पण रस्त्यावरची दोन माणसं थांबली. पुढची ओळ यायच्या आत त्यांनी तोंडावर हात दाबला.

"काय केलं मी सुचिता? बोलावलं ना मी."

"एकच ओळ होती, मावशी."

"आवतन एकाच ओळीचं असतं." त्यांचा चेहरा खरंच पडला होता. सौरभकडं वळून म्हणाल्या, "तुझं लगीन ठरलंय काय रे?"

"नाही हो आजी."

"घरात कुनाचं?"

"मालकांची मुलगी आहे, पण ती सहावीत आहे."

सुचिताला हसू येत होतं, पण हसली नाही. तिच्या घरीही भंडारा उधळला आणि खंडोबाला बोलावलं तर देव नैवेद्याशिवाय उठत नाहीत. तिनं शेजारच्या टपरीवरून साखरेची पुडी आणली, सगुणाबाईंच्या तळहातावर ओतली आणि हळूच म्हणाली, "आलेल्याला तोंड गोड करून पुढचं ठिकाण सांगायचं. आमच्यात असं चालतं."

सगुणाबाईंनी डोळे मिटले. भिंतीकडच्या कोपऱ्यात साखर ठेवली आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, "माये, म्हातारी चुकली. हितं मांडव नाय. शिरवण्याला या समदी, तिथं मानानं बसवतंय तुमाला. एकालापन सोडनार नाय." मग सौरभला म्हणाल्या, "बांध हाच."

परतीच्या वाटेला पिशवी सुचिताच्या खांद्यावर होती. सानपाडा आलं. खाडीवरून वारा येत होता, आणि सगुणाबाई ओठांतल्या ओठांत काही मोजल्यासारखं करत होत्या. शेवटी कठड्यावर बसल्या.

"देवांना शब्द दिला सुचिता. आता शिरवण्याला इसरून चालायचं नाय."

"नात आहे ना बाजूला."

"प्रियाला मराठी लिवता येतं ते इंग्रजी अक्षरात. मना ते वाचता येतं काय? सकाळी तुना बोललो, पन मनात ठावं होतं."

सुचितानं पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. पुढचं तिला कळलं होतं. तिचा नवरा, कृष्णात, मार्केटात माथाडी होता. तो वारल्यापासून तिनं शेकडो पत्रिका टाइप केल्या, पण कुणाच्या हळदीला ती गेली नव्हती. लग्नाला गेलीच तर आहेर द्यायचा, मागच्या खुर्चीत बसायचं, जेवून यायचं. कुणी अडवत नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं होतं.

"मी मांडवात बसत नाही, मावशी. तुम्हाला माहीत आहे."

"ठावं हाय. माझा दादला जाऊन जमाना झाला. माझी सासू तर पोर वयात रांडावली न तशीच धवले गात गेली. देवांनी कवा इचारलं नाय तिला. नवरीच्या आयशीनंपन नाय."

सगुणाबाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या मांडीवर घेतली आणि तिचा हात धरला.

"मी गाते तवा तू लिव. मागच्या खुर्चीत बसून नाय, माझ्या पाटाला पाट लावून. येशील गो?"